नुसता हात चांगला असून भागत नाही

अगं, नोकरी सोडून पूर्णवेळ डार्ट्स खेळायचं तुझ्या मनात आहे, हे मोकळेपणाने बोललीस, बरं वाटलं. आता माझंही जरा ऐक.

टीव्हीवर आपण बघतो तो अलेक्झांड्रा पॅलेसमधल्या जागतिक स्पर्धेचा झगमगाट डिसेंबर-जानेवारीपुरता. एरवी विगन नाहीतर लेस्टरच्या हॉलमध्ये ओळीने लावलेले बोर्ड आणि समोर तुझ्याइतकेच भुकेले खेळाडू. प्रोफेशनल डार्ट्स कॉर्पोरेशनचं, म्हणजे पीडीसीचं, व्यावसायिक स्पर्धा खेळायचं टूर कार्ड जगात फक्त 128 जणांकडे असतं, तेही दोन वर्षांपुरतं. तेवढ्या काळात बक्षिसाच्या कमाईत पहिल्या 64 मध्ये आली नाहीस, तर पुन्हा क्यू-स्कूल, म्हणजे कार्डासाठीची पात्रता स्पर्धा. प्रवास, हॉटेल, जेवण सगळं पदरचं, आणि पहिल्याच फेरीत हरलीस तर हात हलवत परत. लिसा ॲश्टनने 2020 साली क्यू-स्कूलमधून हे कार्ड मिळवलं. असं करणारी ती पहिली महिला, पण तोवर महिलांची चार जगज्जेतेपदं तिच्या नावावर होती. दहा वेळा जगज्जेती झालेली ट्रिना गलिव्हर तर मूळची सुतारकाम करणारी. म्हणून म्हणते, पोटापाण्याची सोय मोडू नकोस.

बाईमाणसाला जमेल का, हा प्रश्न मात्र मनातून काढून टाक. फॅलन शेरॉकने 2019 च्या डिसेंबरात अलेक्झांड्रा पॅलेसच्या मंचावर लागोपाठ दोन पुरुषांना हरवून तो निकालात काढलाय.

सरावाला उभी राहिलीस की तुझं सगळं लक्ष ट्रेबल 20 वर असतं. 180 लागले की टाळ्या पडतात, खरंय. पण 501 शून्यावर आणायचे ते डबलनेच. 52 उरले तर बरेच जण आधी साधे 20 का घेतात, बघ. उरतात 32, म्हणजे डबल 16. नेम चुकून डार्ट साध्या 16 मध्ये गेला तरी डबल 8 उरतो, तिथेही तसाच चुकला तर डबल 4. चुकलं तरी वाट बंद होत नाही. ही वजाबाकी झोपेतही यायला हवी. आणि कधी हात वर जाऊन डार्ट बोटांतून सुटेनासा झाला, तर लपवू नकोस. त्याला डार्टायटिस म्हणतात. पाच वेळा जगज्जेता ठरलेल्या एरिक ब्रिस्टोलाही त्याने गाठलं होतं.

तुझा दुसरा बेत, स्पर्धा भरवण्याचा, मला मनापासून आवडला. पण ती हौसेची नाहीत, निस्तरायची कामं आहेत. बोर्डाचा मध्य जमिनीपासून 1.73 मीटरवर, फेकण्याची रेषा बोर्डापासून 2.37 मीटरवर, हे माप दुसऱ्यावर सोपवू नकोस, टेप घेऊन स्वतः बघ. बोर्डावर सावली पडता कामा नये. 20 चा भाग झिजून डार्ट गळायला लागले, तर आकड्यांची कडी काढून बोर्ड फिरवून लाव. लीगमध्ये हरलेल्याने पुढच्या सामन्याचे गुण लिहायची पद्धत असते. तू आयोजक असलीस तरी हरल्यावर तिथे उभी राहा. खेळाडू ते बघतात आणि लक्षात ठेवतात.

खेळाडूंचं ऐकणं सोडू नकोस, हे सगळ्यात महत्त्वाचं. ऑली क्रॉफ्टने 1973 साली लंडनच्या मझवेल हिलमधल्या आपल्या घरात ब्रिटिश डार्ट्स ऑर्गनायझेशन उभी केली, 1978 पासून जागतिक स्पर्धा भरवली. एवढं मोठं काम! पण टीव्हीवर खेळ कमी दिसतो म्हणून नाराज झालेले आघाडीचे खेळाडू 1993 मध्ये वेगळे झाले, त्यांच्यातूनच आजची पीडीसी आली, आणि 2020 मध्ये जुनी संस्था बंद पडली. माझ्या मते त्या खेळाडूंशी वेळेवर नीट बोलायला हवं होतं.

क्यू-स्कूल जानेवारीत असतं. त्यासाठी रजा आत्ताच टाक, फी भर, रोज डबलचा सराव कर. राजीनामा मात्र कार्ड हातात आल्यावरच दे.