उजेडाने नायटा जातो का?

मागच्या आठवड्यात एक रिक्षाचालक आले. खुर्चीवर बसायच्या आधीच त्यांनी प्लास्टिकची पिशवी माझ्या टेबलावर रिकामी केली. सात ट्यूबा. काही पिळून चपट्या झालेल्या, एक अजून सीलबंद. "यातली कोणतीच लागू पडत नाही, डॉक्टर. लावली की चार दिवस बरं, सोडली की दुप्पट." मग मोबाइल पुढे केला. पडद्यावर लाल दिव्याखाली ठेवलेला कुणाचा तरी पाय होता. "हे लाइटवालं करून घेऊ का? आमच्याकडे एकाने सहा सिटिंगचं पॅकेज सांगितलंय."

हाच प्रश्न अलीकडे बरेच वाचकही विचारतात, म्हणून इथे सविस्तर लिहितो.

आधी एक स्पष्ट करतो, प्रकाशाने बुरशी मारणं ही थाप नाही. म्युनिकमध्ये ऑस्कर राब नावाचा वैद्यकीचा विद्यार्थी पाण्यातल्या पॅरामेशियम या सूक्ष्मजीवावर अॅक्रिडीन रंगाचा परिणाम तपासत होता. तोच रंग, तेवढंच प्रमाण, पण जीव कधी लगेच मरत, कधी बराच वेळ तग धरत. फरक उजेडाचा निघाला. रंग एकटा फारसं करत नव्हता, उजेड एकटाही नाही. दोघे एकत्र आले की जीव मरत होता. हे 1900 साली प्रसिद्ध झालं. आज 'फोटोडायनॅमिक थेरपी' म्हणतात तिचं मूळ हेच: रंगद्रव्य, योग्य रंगाचा प्रकाश आणि प्राणवायू. प्रकाश शोषलेलं रंगद्रव्य आपली ऊर्जा शेजारच्या प्राणवायूला देतं आणि तो क्षणभर इतका आक्रमक होतो की बुरशीच्या पेशीचं आवरण, प्रथिनं, आतली यंत्रणा, जे हाताला लागेल ते जाळतो.

औषधांना न जुमानणाऱ्या बुरशीसाठी हे महत्त्वाचं का? टर्बिनाफिन ही नायट्याची आपली नेहमीची गोळी बुरशीच्या एकाच एन्झाइमला अडवते. त्या एन्झाइमच्या जनुकात बारीकसा बदल झाला की गोळी निकामी. आपल्याकडे नेमकं तेच झालंय. 2020 मध्ये जपानी संशोधकांनी भारत आणि नेपाळच्या रुग्णांकडून मिळालेल्या अशा बुरशीला ट्रायकोफायटन इंडोटिनिए असं नाव दिलं. नावातच 'इंडो' आहे, अभिमान वाटावा असं त्यात काही नाही. न्यूयॉर्कच्या रुग्णांतही ती सापडल्याची नोंद 2023 मध्ये प्रसिद्ध झाली. प्रकाशाचा मारा मात्र एकाच वेळी पन्नास ठिकाणी होतो. बुरशी कुठे कुठे ठिगळ लावणार?

मग सगळ्यांनाच दिव्याखाली का बसवत नाही? कारण उजेड आत फार जात नाही. लाल प्रकाश त्वचेत काही मिलिमीटर उतरतो, निळा त्याहून कमी. शिवाय रंगद्रव्य जिथे पोचलं नाही तिथे दिवा नुसता दिवाच. जांघेत, कमरेवर, पाठीवर पसरलेल्या नायट्यात बुरशी केसांच्या मुळांशीही दडून बसते. एक चट्टा दिव्याखाली धरला तरी बाकीचे नऊ तसेच राहतात, आणि घरातल्या दोघांना खाज सुटलेली असतेच. अशा पसरलेल्या नायट्याला पहिला उपाय म्हणून मी प्रकाश सुचवत नाही.

नखांची गोष्ट वेगळी. पायाच्या अंगठ्याचं नख पिवळं, जाड, भुसभुशीत झालेलं असतं. रुग्ण सत्तरीचा, यकृत नाजूक, हृदयाच्या गोळ्या चालू. महिनोन्महिने बुरशीच्या गोळ्या देणं जिकिरीचं. इथे प्रकाशोपचाराचा विचार करण्यासारखा आहे. तो कसा करतात ते सांगतो. आधी युरियाचं मलम लावून नख मऊ करायचं, मग कानशीने घासून पातळ करायचं. रुग्णांना वाटतं ही नुसती पूर्वतयारी, पण अर्धं यश इथेच असतं. जाड नखातून ना रंग उतरतो ना उजेड. मग मिथिलीन ब्लू लावून थोडं थांबायचं आणि साधारण 630 नॅनोमीटरच्या लाल प्रकाशाखाली बोट धरायचं. थोडी आग होते. असं दर एक-दोन आठवड्यांनी, कित्येक वेळा. ब्राझीलमध्ये यावर बरंच काम झालंय आणि निकाल आशादायक आहेत, पण अभ्यास छोटे आहेत. आणि बुरशी मेली तरी खराब झालेलं नख सुधारत नाही, ते वाढून पुढे जावं लागतं. पायाच्या अंगठ्याला त्यासाठी वर्ष, दीड वर्ष लागतं. सहा सिटिंगमध्ये गुलाबी नख देतो म्हणणाऱ्याला एवढं जरूर विचारा.

डोळ्याबाबत तर जास्तच जपा. उसाचं पान लागून बुबुळावर बुरशीची जखम झालेले शेतकरी आपल्याकडे नवे नाहीत. मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयात अशा रुग्णांवर रायबोफ्लेविन आणि अतिनील किरणांचा रीतसर प्रयोग झाला. 2020 मध्ये निकाल आला: फायदा नाही, उलट नजर थोडी कमीच भरली. उजेड म्हणजे निरुपद्रवी, हा समज सोडा.

घरगुती प्रयोगांबद्दलही तेच. ऑनलाइन मिळणारा लाल दिवा रंगद्रव्याशिवाय बुरशीवर हा परिणाम करत नाही. लिंबाचा रस चोळून किंवा बावची लावून उन्हात बसलेले, फोड आलेले रुग्ण मी पाहिलेत. बावची कोडावर वापरतात, नायट्यावर नव्हे. आणि ज्यांना ल्युपस किंवा पॉर्फिरिया आहे त्यांनी प्रकाशोपचाराआधी डॉक्टरांना ते सांगायलाच हवं.

आता त्या सात ट्यूबांकडे येतो. त्यातल्या पाचांत क्लोबेटासोल होतं, म्हणजे तीव्र स्टिरॉइड. त्याने खाज दोन दिवसांत थांबते, चट्ट्याची गोल कड पुसट होते, आणि बुरशी आत निवांत पसरते. 2018 मध्ये सरकारने अशी स्टिरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी घातली, तरी ती काउंटरवर गोळ्या-बिस्किटांसारखी मिळतात. माझ्या मते आपल्याकडचा नायटा हटवादी होण्यात या ट्यूबांचा वाटा मोठा आहे, आणि जोवर त्या चालू आहेत तोवर कोणताही दिवा उपयोगाचा नाही.

रिक्षावाल्यांच्या चट्ट्याची कड बोथट पात्याने खरवडली, काचपट्टीवर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकला, आणि सूक्ष्मदर्शकाखाली फांद्या फुटलेले धागे त्यांनाच दाखवले. "एवढे?" म्हणाले. इट्राकोनॅझोल सुरू केलं. ते भरल्या पोटी घ्यायचं, अॅसिडिटीच्या गोळीसोबत नाही, आणि हृदय कमजोर असलेल्यांना द्यायचं नाही. बायकोलाही तपासलं, तिलाही होता. टॉवेल वेगळे, कपडे गरम पाण्यात धुऊन उन्हात वाळवायचे, पावसाळ्यात इस्त्री फिरवायची, घामेजलेली जीन्स दिवसभर अंगावर ठेवायची नाही. स्टिरॉइड बंद केल्यावर पहिले काही दिवस खाज उसळेल, तेव्हा धीर सोडून पुन्हा मेडिकलमध्ये जायचं नाही. चट्टे दिसेनासे झाले तरी मी सांगेपर्यंत गोळी थांबवायची नाही.

तुमचाही नायटा महिनोन्महिने जात नसेल तर पॅकेजचे पैसे भरण्याआधी त्वचारोगतज्ज्ञांकडून एकदा खरवडून तपासणी करून घ्या. आणि येताना वापरलेल्या सगळ्या ट्यूबा, रिकाम्यासुद्धा, पिशवीत घालून घेऊन या.