आवश्यकता, बदल आणि कारणाची नोंद

शाळेची इमारत असो, नळपाणीपुरवठ्याची योजना असो वा कार्यालयासाठी तयार करून घ्यावयाची संगणक प्रणाली असो, काम सुरू होण्यापूर्वी त्या कामाकडून काय अपेक्षित आहे हे लिहून ठेवावे लागते. काम चालू असता त्या अपेक्षांत बदल होतात. काही बदल अपरिहार्य असतात, काही हौसेचे असतात, तर काही केवळ कोणी तोंडी सांगितले म्हणून होतात. काम लहान असेल तोवर हे सारे एका धारिकेत मावते. परंतु विमान, अग्निबाण किंवा एखादी मोठी आज्ञावली तयार करावयाची झाल्यास अशा अपेक्षांची संख्या हजारांच्या घरात जाते. त्यांची व त्यांतील बदलांची व्यवस्था लावण्यासाठी खास सॉफ्टवेअर वापरण्याची पद्धत गेल्या काही दशकांत रूढ झाली आहे. या पद्धतीचे मर्म ध्यानी येण्यासाठी प्रथम एका अपघाताची हकिकत पाहणे उपयुक्त ठरेल.

एरियान-५ चा धडा

४ जून १९९६ रोजी दक्षिण अमेरिकेच्या फ्रेंच गयाना प्रदेशातील कुरू येथून एरियान-५ या युरोपीय अग्निबाणाचे पहिले उड्डाण झाले. त्यावर क्लस्टर नावाचे चार वैज्ञानिक उपग्रह होते. प्रज्वलनानंतर सुमारे ४० सेकंदांत, अंदाजे ३,७०० मीटर उंचीवर, अग्निबाण मार्गावरून ढळला आणि स्फोट होऊन नष्ट झाला. फ्रेंच गणितज्ञ जाक-लुई लिओंस यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी मंडळाने १९ जुलै १९९६ रोजी आपला अहवाल दिला.

अग्निबाणाची दिशा व गती मोजणाऱ्या यंत्रणेतील आज्ञावली आधीच्या एरियान-४ वरून जवळजवळ तशीच घेण्यात आली होती. उड्डाणापूर्वी यंत्रणा जुळवून घेण्याचे कार्य तिच्या एका भागाकडे होते. एरियान-४ मध्ये हा भाग उड्डाणानंतरही सुमारे ४० सेकंद चालू ठेवला जाई. उलटमोजणी अखेरच्या क्षणी थांबली तर जुळवणीचे वेळखाऊ काम पुन्हा करावे लागू नये, हा त्यामागील हेतू होता. एरियान-५ ला या सोयीची गरज नव्हती. तरीही तो भाग तसाच राहिला. नव्या अग्निबाणाचा आडवा वेग जुन्याच्या मानाने फार झपाट्याने वाढत असल्यामुळे एक संख्या तिच्यासाठी ठेवलेल्या जागेत मावेनाशी झाली. त्या जागेत ३२,७६७ हून मोठी संख्या बसत नव्हती. परिणामी यंत्रणा बंद पडली. राखीव यंत्रणेतही हीच आज्ञावली असल्याने तीही याच कारणाने क्षणभर आधी बंद पडली होती.

या दुर्घटनेमागे निव्वळ निष्काळजीपणा नव्हता, हे येथे लक्षात घ्यावयास हवे. अशा रीतीने मर्यादा ओलांडू शकतील अशा सात संख्या अभियंत्यांनी आधीच हेरल्या होत्या. संगणकावरील भार ८० टक्क्यांपलीकडे जाऊ नये म्हणून त्यांपैकी चारच संख्यांना संरक्षण देण्यात आले. उरलेल्या तीन मर्यादेतच राहतील असे मानण्यात आले. हा निर्णय सहभागी संस्थांनी मिळून घेतला होता. परंतु त्याचे समर्थन प्रत्यक्ष आज्ञावलीत कोठेही नमूद नव्हते आणि कागदपत्रांच्या प्रचंड राशीत ते बाहेरच्या तपासनिसाच्या दृष्टीआड झाले, असे मंडळाला आढळून आले. याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे, एरियान-५ चा उड्डाणमार्ग या यंत्रणेच्या आवश्यकतांमध्ये समाविष्ट न करण्याचेही परस्परसंमतीने ठरले होते. थोडक्यात, निर्णय शिल्लक राहिला, कारण हरवले. आणि परिस्थिती पालटली तेव्हा त्या कारणाची फेरतपासणी झाली नाही.

आवश्यकता कशी लिहावी

प्रत्येक आवश्यकता स्वतंत्र, निःसंदिग्ध आणि तपासून पाहता येईल अशी असावी, हा या शास्त्रातील पहिला नियम होय. ‘दाखला लवकर मिळावा’ ही इच्छा झाली. ‘अर्ज दाखल होताच अर्जदारास पोच क्रमांक मिळावा’ ही आवश्यकता झाली, कारण ती पूर्ण झाली की नाही हे कोणासही पडताळता येते. एका वाक्यात दोन गोष्टी गुंफल्यास एक पूर्ण झाली व दुसरी राहिली तर नोंद कशी करावी, असा पेच पडतो. म्हणून प्रत्येक आवश्यकतेला स्वतंत्र क्रमांक देण्यात येतो. ती कोणाकडून आली आणि का आली, हेही तिच्यासोबत लिहिले जाते. या ‘का’ चे महत्त्व वरील उदाहरणावरून स्पष्ट व्हावे.

सॉफ्टवेअरचे कार्य

१९९० च्या दशकाच्या प्रारंभी ‘डोअर्स’ नावाचे सॉफ्टवेअर या कामासाठी उपलब्ध झाले. २००८ साली ते आयबीएम कंपनीकडे आले. त्यानंतर अशी अनेक सॉफ्टवेअरे प्रचारात आली. त्यांची रचना निरनिराळी असली तरी मुख्य कार्ये चार आहेत.

पहिले कार्य नोंदीचे. प्रत्येक आवश्यकता तिच्या क्रमांकासह, कारणासह आणि तिच्यात वेळोवेळी झालेल्या फेरफारांच्या इतिहासासह जतन होते. जुना मजकूर पुसला जात नाही.

दुसरे कार्य दुवे जोडण्याचे. कोणत्या आवश्यकतेसाठी रचनेचा कोणता भाग तयार झाला आणि कोणत्या चाचणीने तो तपासला गेला, हे धागे जोडून ठेवता येतात. त्यामुळे एखाद्या आवश्यकतेची चाचणीच झालेली नसेल तर ती उणीव दिसून येते. तसेच, एखादा भाग कोणत्याही आवश्यकतेशी जोडलेला नसेल, तर तो कशासाठी ठेवला आहे, हा प्रश्न आपोआप उभा राहतो. एरियान-५ मधील जुळवणीच्या भागाबाबत नेमका हाच प्रश्न विचारला जावयास हवा होता.

तिसरे कार्य संमत प्रत राखण्याचे. सर्व संबंधितांनी मान्य केलेली यादी एका ठरावीक दिवशी कायम केली जाते. त्यानंतर तीत कोणासही परस्पर बदल करता येत नाही.

चौथे कार्य बदलप्रस्तावांचे. कायम झालेल्या यादीत बदल हवा असल्यास रीतसर प्रस्ताव दाखल करावा लागतो. बदल कोणता, त्याचे कारण काय, त्याचा परिणाम कोणकोणत्या भागांवर होईल, खर्च व वेळ किती वाढेल, हे त्यात नमूद असते. परिणामांचा अंदाज घेताना वर सांगितलेले दुवे उपयोगी पडतात. मग अधिकार असलेली समिती तो प्रस्ताव मंजूर करते, फेटाळते किंवा लांबणीवर टाकते, आणि तो निर्णय कारणांसह नोंदला जातो.

नामंजूर प्रस्तावांचे मोल

फेटाळलेले प्रस्ताव जपून का ठेवावेत, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. पायथन या जगभर वापरल्या जाणाऱ्या संगणकभाषेचे उदाहरण या दृष्टीने उद्‌बोधक आहे. या भाषेत महत्त्वाचा बदल सुचविणाऱ्यास २००० सालापासून क्रमांकित प्रस्ताव लिहावा लागतो. अनेक पर्यायांतून एकाची निवड करण्याची नवी रचना भाषेत असावी, असे प्रस्ताव २००१ व २००६ साली आले. दोन्ही नामंजूर झाले; त्यांपैकी दुसरा तर भाषेचे जनक गिडो व्हान रॉसम यांनी स्वतःच मांडलेला होता. तरीही ते कारणांसह सर्वांना वाचता येतील असे ठेवण्यात आले. पुढे अधिक व्यापक स्वरूपाची एक रचना नव्याने मांडली गेली, ती मान्य झाली आणि ऑक्टोबर २०२१ मधील आवृत्तीत आली. त्या वेळी नियमांचा तपशील एका प्रस्तावात आणि त्यांमागील कारणे दुसऱ्या स्वतंत्र प्रस्तावात देण्यात आली. नकार नोंदलेला असला म्हणजे नंतर येणाऱ्याला तोच वाद मुळापासून घालावा लागत नाही. आणि नकाराचे कारण उरले नसेल तर तेही दाखवून देता येते.

आपल्या कार्यपद्धतीशी साम्य

ही पद्धत शासकीय कार्यालयांना सर्वस्वी नवी आहे असे नव्हे. धारिकेतील टिपणी निर्णयामागील विचार सांगते. पंचायतीच्या ठरावात सूचक व अनुमोदक यांची नावे असतात आणि मागील सभेचे इतिवृत्त पुढील सभेत वाचून कायम केले जाते. कामाची व्याप्ती वाढल्यास सुधारित अंदाजपत्रकास मंजुरी घ्यावी लागते. या शिस्तीलाच सॉफ्टवेअर दुव्यांची जोड देते. मात्र जेथे ठराव लिहिला जातो पण कारण लिहिले जात नाही, तेथे उत्तम सॉफ्टवेअरही रिकाम्या रकान्यांखेरीज काही देऊ शकणार नाही. कोणता बदल योग्य हे यंत्र ठरवीत नाही. ती जबाबदारी स्वाक्षरी करणाऱ्याचीच राहते.

एखाद्या कार्यालयास किंवा संस्थेस संगणक प्रणाली तयार करून घ्यावयाची असेल, तर महागडे सॉफ्टवेअर घेतलेच पाहिजे असे नाही. काम बेताचे असल्यास क्रमांक, आवश्यकता, मागणी करणारा, कारण, चाचणी आणि निर्णय एवढ्या रकान्यांचा साधा तक्ताही पुरेसा ठरतो. मात्र पुरवठादाराला तोंडी बदल सांगू नयेत, संमत प्रत दोन्ही पक्षांकडे असावी आणि जुनी प्रणाली नव्या ठिकाणी वापरताना तिच्या प्रत्येक गृहीतकाची नव्याने तपासणी व्हावी, एवढे कटाक्षाने पाळले पाहिजे.

एरियान-५ मधील दोष पुढे दूर करण्यात आले. मार्च २००० मध्ये भारताचा इन्सॅट-३ बी उपग्रह याच प्रकारच्या अग्निबाणाने अवकाशात नेला, आणि जुलै २०२३ मधील अखेरच्या उड्डाणापर्यंत तो एक भरवशाचा अग्निबाण म्हणून ओळखला गेला. अपयशाची कारणे उघडपणे लिहिली गेली, म्हणूनच ती दूर करता आली. अधिकारी बदलतात, पदाधिकाऱ्यांची मुदत संपते, काम मात्र चालू राहते. मागाहून येणाऱ्याला आपला निर्णय नुसता दिसून भागत नाही. तो केव्हा मोडावा हे समजण्यासाठी त्याचे कारणही त्याच्या हाती पडले पाहिजे.