अनोळखी फाइल उघडताना

पंचायत समितीकडून ग्रामपंचायतीकडे आणि शाळेकडून शिक्षण विभागाकडे जाणारा बराचसा पत्रव्यवहार आता संगणकीय फाइलींच्या रूपाने होतो. त्यांतील एखादी फाइल उघडत नाही. नावाच्या अखेरीस टिंब आणि त्यापुढे अपरिचित अक्षरे दिसतात. अशा वेळी ती निरुपयोगी समजून काढून टाकली जाते, अथवा फारसा विचार न करता कशीही उघडून पाहिली जाते. पहिल्या प्रकारात दप्तर हरवते, दुसऱ्यात संगणकच धोक्यात येतो.

टिंबापुढील ही अक्षरे म्हणजे विस्तारनाम अर्थात एक्स्टेन्शन होय. एमएस-डॉस या जुन्या प्रणालीत मूळ नावाला ८ आणि विस्तारनामाला ३ अक्षरांची मर्यादा होती. ती केव्हाच शिथिल झाली, परंतु तीन अक्षरी नावांची रूढी राहिली. ही केवळ डब्यावरची चिठ्ठी आहे. साखरेच्या डब्यावर 'मीठ' असे लिहिल्याने साखर खारट होत नाही. तसेच नाव बदलल्याने फाइलीचे स्वरूप बदलत नाही.

खरी ओळख फाइलीच्या आरंभीच्या काही अक्षरांत असते. नोटपॅडमध्ये पीडीएफ फाइल उघडल्यास सर्वप्रथम टक्क्याचे चिन्ह व 'पीडीएफ' ही रोमन अक्षरे दिसतात. झिप गठ्ठ्याच्या आरंभी 'पीके' असते; ही त्याचे जनक फिल कॅट्झ यांची आद्याक्षरे. वर्डची 'डीओसीएक्स' फाइलही 'पीके'नेच सुरू होते, कारण ती वस्तुतः झिप गठ्ठाच आहे. मात्र अशी पाहणी मूळ फाइलीच्या प्रतीवर करावी आणि काहीही जतन न करता ती बंद करावी.

आपल्याकडील विशेष अडचण जुन्या मराठी मजकुराची आहे. अनेक स्मरणिका व अहवाल पेजमेकरवर जुळवले गेले. 'पी६५' किंवा 'पीएमडी' अशी विस्तारनामे त्यांचीच. पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ मध्ये निघाली, तरी लिब्रेऑफिस या विनामूल्य प्रणालीत अशा कित्येक फाइली उघडतात. उघडल्यावर देवनागरीऐवजी विचित्र रोमन अक्षरे दिसली, तर फाइल बिघडली असे समजू नये. मजकूर युनिकोडपूर्व टंकात आहे, एवढाच त्याचा अर्थ. तो टंक मिळवून मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करता येतो. जुने संगणक मोडीत काढण्यापूर्वी हे काम उरकलेले बरे.

चिठ्ठी फसवीही असू शकते. मे २००० मध्ये जगभर पसरलेल्या 'लव्ह लेटर' या उपद्रवी प्रणालीचे नाव 'टीएक्सटी' या निरुपद्रवी अक्षरांनी संपते असे भासे. त्यापुढील 'व्हीबीएस' हे खरे विस्तारनाम विंडोज दाखवीत नसे. विंडोज आजही परिचित विस्तारनामे आपणहून दाखवीत नाही. फाइल एक्सप्लोररच्या 'व्ह्यू' यादीतून ती दिसण्याची सोय करून घ्यावी. भ्रमणध्वनीवर लग्नपत्रिका म्हणून आलेली 'एपीके' फाइल ही पत्रिका नसून अ‍ॅप बसविणारी फाइल असते. ती उघडू नये.

प्रेषक परिचित असल्यास त्यालाच दूरध्वनी करून पीडीएफ प्रत मागविणे सर्वांत सोपे. फाइलीचे रूपांतर करून देणारी संकेतस्थळे पुष्कळ आहेत, पण लाभार्थ्यांचे आधार क्रमांक वा विद्यार्थ्यांची माहिती असलेली फाइल तेथे चढविणे म्हणजे कार्यालयाचे दप्तर परक्याच्या हाती देणे होय.