शोरूममधील कॅम्पर

मुलांनो, ‘कॅम्पर’ हा शब्द तुम्ही ऐकला असेल. परदेशात ज्या गाडीत झोपण्याची व स्वयंपाकाची सोय असते तिला कॅम्पर म्हणतात. आपल्याकडे मात्र हे नाव दुहेरी केबिनच्या पिकअपला मिळाले आहे. पुढे दोन ओळींत माणसे बसतात, मागे उघड्या हौद्यात सामान राहते.

समजा, एक मंडपवाले चाचा आहेत. त्यांच्या जुन्या टेम्पोत मजूर मागे बांबूंवर बसून जात. मालाच्या हौद्यात माणसे बसवणे कायद्याने मना आहे. एकदा वळणावर एक मजूर पडता पडता वाचला. तेव्हापासून चाचांना चैन पडेना. नववीत शिकणाऱ्या मुलीला घेऊन ते शोरूममध्ये गेले.

विक्रेत्याने आधी चहा मागवला. मग म्हणाला, “चाचा, किमतीचा विचारच करू नका. पाच लाखांचे कर्ज मिळेल. महिन्याला फक्त साडेबारा हजार!”

“किती महिने?” मुलीने विचारले.

“साठ.”

तिने वहीत गुणाकार केला. “अब्बा, हे तर साडेसात लाख झाले! वरचे अडीच लाख कशाचे?”

“व्याज. दर फक्त दहा टक्के.”

‘फक्त’ हा शब्द शोरूममध्ये फार ऐकू येतो. येथे खरी मेख होती. हा ‘फ्लॅट’ दर होता. म्हणजे कर्ज फिटत आले तरी व्याज पाचही वर्षे पूर्ण पाच लाखांवरच मोजायचे. उरलेल्या रकमेवर व्याज मोजले, तर त्याच दहा टक्क्यांनी हप्ता सुमारे १०,६२४ रुपये येतो आणि एकूण व्याज सुमारे १,३७,००० रुपये होते. दर एकच, पण फरक एक लाखाहून अधिक! फ्लॅट दहा टक्के म्हणजे दुसऱ्या पद्धतीने सव्वासतरा टक्के. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ ऑक्टोबर २०२४ पासून अशा कर्जाचा खरा वार्षिक दर ग्राहकाला लेखी द्यावा लागतो. तो कागद मागून घ्यावा.

फलकावरची किंमतही पुरी नसते. तिच्यात नोंदणी, रस्ता कर व विमा मिळवावा लागतो. विमा शोरूममधूनच घेतला पाहिजे असे बंधन नाही. गाडी कोणत्या महिन्यात तयार झाली हेही पाहावे. पुढे विकताना ती तारीख मोजली जाते.

“जुनीच घेतली तर?” मुलगी म्हणाली.

“स्वस्त पडेल, बेटा. पण जुन्या गाडीच्या कर्जाला व्याज बहुधा जास्त असते. शिवाय ऐन लग्नात बंद पडली तर?” चाचांना दुसरीच चिंता होती. जून-जुलैत मंडपाचे काम जवळजवळ नसते. गाडी दारात उभी राहते, हप्ता मात्र थांबत नाही.

त्यांनी सही केली नाही. बँकेत चौकशी करायची, लग्नसराईची कमाई आधी भरून कर्ज चार लाखांवर आणायचे, मग गाडी घ्यायची, असे ठरले.

“आणि तोपर्यंत मजूर?” मुलीने विचारले.

“उद्यापासून एसटीने जातील. तिकीट मी देईन.”