रूप पालटणारे क्वेसार

स्फोट होऊन विझणारे तारे वगळले, तर आकाशातील मोठी स्थित्यंतरे एका मानवी आयुष्यात पाहावयास मिळत नाहीत, अशी आपली समजूत असते. क्वेसारांनी ती हलविली आहे. म्हणून त्यांचा परिचय येथे करून द्यावा असे आम्हांस वाटले.

१९६३ साली मार्टिन श्मिट यांनी ३सी २७३ या ताऱ्यासारख्या बिंदूच्या वर्णपटातील रेषा ओळखल्या. त्या हायड्रोजनच्याच होत्या, मात्र तांबड्या टोकाकडे सरकलेल्या. तो बिंदू दोन अब्ज प्रकाशवर्षांहून दूर निघाला. इतके तेज येते कोठून? दीर्घिकेच्या केंद्रातील प्रचंड कृष्णविवराभोवती वायूची चकती फिरते व आत ओढला जाणारा वायू तापून उजळतो. जवळचे वायुमेघ सेकंदास हजारो किलोमीटर वेगाने धावतात, म्हणून त्यांच्या रेषा वर्णपटात रुंद उमटतात.

२०१५ साली स्टेफनी लामासा व सहकाऱ्यांनी स्लोन सर्वेक्षणातील एका क्वेसारचे दोन वर्णपट शेजारी ठेवले. २००० सालच्या वर्णपटात हायड्रोजनची रुंद रेषा स्पष्ट होती. २०१० सालच्या वर्णपटात निळसर-हिरव्या भागातील ती रेषा जवळजवळ नाहीशी झाली होती. तेज सुमारे सहापट घटले होते. विश्वाच्या प्रसरणामुळे ही नऊ वर्षे तेथील घड्याळाने सातच भरतात!

येथे ‘अनिच्च’ म्हणून थांबण्याचा मोह होतो. परंतु आपण वंदनेत धम्माला ‘एहिपस्सिको’ही म्हणतो, या आणि पाहा. तेव्हा कारण तपासले पाहिजे. मध्ये धुळीचा मेघ आला असेल काय? वसतिगृहातील कंदिलाचा विचार करावा. कोणी कंदिलाच्या आड उभे राहिले, तर ज्योत आपणांस दिसत नाही, पण इतर भिंती उजळलेल्याच राहतात. वात खाली केली, तर भिंतीही काळोखतात. क्वेसारभोवतीची तप्त धूळ ही ती भिंत. ती अवरक्त किरणांत चमकते. रूप पालटणाऱ्या अनेक क्वेसारांत हा अवरक्त प्रकाशही मागोमाग मंदावलेला आढळला. म्हणजे वातच खाली गेली होती. शेकडो प्रकाशवर्षे पसरलेल्या वायूच्या अरुंद रेषा मात्र तशाच राहतात. बातमी तेथवर पोहोचण्यासच शतके लागतात.

खरी अडचण पुढेच आहे. प्रचलित गणितानुसार एवढ्या चकतीतील वायूचा पुरवठा बदलण्यास हजारो वर्षे लागावीत. मग हे काही वर्षांत कसे घडते? चकतीतून वेगाने सरकणारी उष्णतेची लाट, चुंबकीय क्षेत्रांचा प्रभाव, असे तर्क मांडले गेले आहेत, एकमत नाही. आमच्या मते गणितातील चकतीच फार साधी असावी.

मार्केरियन १०१८ ही दीर्घिका क्वेसारहून मंद, पण त्याच कुळातील. तिच्या केंद्राच्या रुंद रेषा १९८०च्या दशकाच्या प्रारंभी ठळक झाल्या आणि सुमारे तीस वर्षांनी, २०१५ साली, ते केंद्र पुन्हा पूर्वीच्या मंद रूपात आढळले.