तार तुटली तर काय?

पवन मावळातल्या मामांच्या घरी जुलैतल्या एका पहाटे मामींना पाण्याच्या आवाजानं जाग आली. पाऊस बाहेर पडत होता, पण हे पाणी घरात ठिबकत होतं. गच्चीवरची टाकी रात्रभर भरून वाहत होती. स्लॅबच्या भेगेतून ते पाणी खाली उतरलं आणि इंद्रायणी तांदळाची चार पोती भिजली. वर्षाचा खायचा तांदूळ होता तो. मोटर आपोआप चालू-बंद करणारी पेटी मी बनवून दिली होती. म्हणून हे लिहायलाच हवं.

टाकीत तरंगता स्विच, खाली पेटीत अर्डुइनो उनो हा चिपचा बोर्ड, त्याला रिले आणि रिलेवर मोटरचा स्टार्टर. टाकी भरली की तरंगा वर येतो, स्विच जोडला जातो आणि मोटर बंद होते. कामशेतला घरी टेबलावर साधं बटण दाबून पाहिलं, सगळं चाललं. एका संध्याकाळी थेट लॅपटॉपवर प्रोग्रॅम लिहिला. कागदावर एक रेघही ओढली नाही.

पहिल्याच आठवड्यात रिले टकटक करायला लागला होता. टाकी भरत आली की वरून पडणाऱ्या धारेनं पाणी हलायचं, तरंगा डुलायचा आणि मोटर क्षणात चालू, क्षणात बंद व्हायची. ती खूण मी ओळखायला हवी होती. मी नुसती धार वळवली आणि विषय सोडला. मग पावसात गच्चीवरचा तारेचा जोड गंजून तुटला. तुटलेली तार आणि उघडा स्विच यांतला फरक चिपला कळत नाही. तिच्या लेखी टाकी भरलेलीच नव्हती, म्हणून मोटर चालत राहिली.

आता माझा क्रम ठरलेला आहे. आधी कागदावर फ्लोचार्ट. सुरुवातीला अंडाकृती, कृतीला चौकोन, स्विच वाचायला समांतरभुज चौकोन आणि प्रश्नाला शंकरपाळ्याचा आकार. आकृतीवरूनच प्रोग्रॅम तयार करणारी फ्लोकोडसारखी सॉफ्टवेअर आहेत, पण तीही विचार आपलाच मागतात. खरी मेहनत शंकरपाळ्यात असते. त्यातून ‘हो’ची वाट निघते तशी ‘नाही’चीही निघालीच पाहिजे, आणि ‘नाही’ कोणकोणत्या कारणांनी येऊ शकतं ते शेजारी लिहून काढा.

स्विच जोडायची चिपची पिन मोकळी सोडली तर ती भरवशाची नसते. नुसता हात जवळ नेला तरी तिचं वाचन बदलतं. उनोवरच्या एटमेगा ३२८पी चिपमध्ये पिनला ५ व्होल्टकडे ओढणारा २० ते ५० किलोओहमचा रोध असतो, तो प्रोग्रॅममधून चालू करा. तार गच्चीपर्यंत जाणार असेल तर बाहेरून ४.७ किलोओहमचा आणखी एक लावा.

स्विचचं पहिलं उत्तर खरं धरू नका. साध्या बटणाचे आतले पत्रे दाबताना काही मिलिसेकंद थरथरतात. म्हणून एकदा वाचा, ५० मिलिसेकंद थांबा, पुन्हा वाचा, दोन्ही उत्तरं सारखी आली तरच पुढे जा. टाकीतल्या तरंगत्या स्विचला एवढं पुरत नाही, कारण तिथं पाणीच हलत असतं. तिथं उत्तर सलग पाच सेकंद तेच राहिलं तरच माना.

सगळ्यात महत्त्वाचं, स्विच असा जोडा की तार तुटली तर मोटर बंदच होईल. टाकीला पाणी हवं असताना स्विच जोडलेला, भरल्यावर उघडा. मग तुटलेली तार ‘टाकी भरली’ असंच सांगते. नळाला पाणी आलं नाही की घरातलं कुणीतरी गच्चीवर जाऊन बघतं. तांदूळ मात्र वाचतो.

शेवटी वेळेची मर्यादा घाला. मामांची हजार लिटरची टाकी अर्ध्या तासात भरते. पाऊण तास झाला तरी भरली नाही, तर मोटर बंद, भोंगा चालू, आणि माणसानं येऊन बटण दाबेपर्यंत पुन्हा सुरू नाही. स्टार्टरकडची २३० व्होल्टची जोडणी जाणत्या वायरमनकडूनच करून घ्या.

नवा फ्लोचार्ट घेऊन मी मामांकडे गेलो. ओट्यावर कागद पसरला. मामा स्विच झाले, ‘भरली’, ‘नाही भरली’ म्हणत गेले, आणि मामींनी आकृतीवर बोट ठेवून ते एकेक घर पुढे सरकवलं. मध्येच त्यांचं बोट थांबलं. “अरे, लाईट जाऊन परत आली, तर हे बोट कुठं ठेवायचं?”

आमच्याकडे पावसाळ्यात लाईट दिवसातून चारदा जाते, आणि मला हे सुचलं नव्हतं. वीज परत आली की चिप पहिल्या घरापासून सुरू करते आणि मधलं सगळं विसरते. म्हणून पहिल्या चौकोनात ‘मोटर बंद’ लिहिलं. मोटर अडकवून ठेवल्याची नोंद वीज गेल्यावरही टिकणाऱ्या ईईप्रॉममध्ये ठेवली, आणि सुरुवातीलाच ती तपासणारा एक शंकरपाळा वाढवला.

तुम्हीही प्रोग्रॅम लिहिण्याआधी तो कागद घरातल्या माणसांपुढे ठेवा. पाणी, लाईट आणि पाऊस यांच्याशी रोजची गाठ त्यांचीच असते.