काळी माती आणि शिसे

शिसपेन्सिल हा शब्द प्रत्येक विद्यार्थ्याच्या परिचयाचा आहे. पण शिसपेन्सिलीत शिसे मुळीच नसते. सोळाव्या शतकात इंग्लंडमधील बॉरोडेल येथे ग्राफाइट सापडले, तेव्हा त्याच्या काळसर रंगावरून लोकांनी त्यास शिसेच मानले. पुढे चूक उमगली. नाव मात्र टिकून राहिले. याच्या उलट, जेथे शिशाची शंकाही येत नाही अशा ठिकाणी ते खरोखर असू शकते. रहदारीच्या रस्त्याकडेची माती हे असेच एक ठिकाण होय.

धुळे शहराजवळ मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन महामार्ग एकमेकांस छेदतात. यांपैकी दुसरा पारोळा, एरंडोल ही गावे घेत जळगावकडे जातो. दोन्ही बाजूंस खानदेशची काळीभोर जमीन आणि तीवर डोलणारी पिके दिसतात. पूर्वी मोटारींच्या पेट्रोलमध्ये शिशाचे एक संयुग मिसळलेले असे. त्यामुळे इंजिनातील ठोके थांबतात, हे अमेरिकेत १९२१ साली थॉमस मिजली याने दाखवून दिले होते. परंतु पेट्रोल जळाले तरी शिसे नाहीसे होत नसे. सूक्ष्म कणांच्या रूपाने ते धुराबरोबर बाहेर पडे आणि रस्त्यालगतच्या पानांवर व मातीवर बसे.

शिसे हे मूलद्रव्य आहे. पालापाचोळ्याप्रमाणे ते कुजत नाही. काळ्या मातीत चिकणमातीचा व चुन्याचा अंश पुष्कळ असतो. अशी माती शिसे घट्ट धरून ठेवते. त्यामुळे ते पिकांत कमी शिरते, हा तिचा उपकार. पण वरच्या थरात ते शतकानुशतके राहते, हा तिच्यावरचा भार.

मातीत शिसे फार झाले, म्हणजे प्रथम मुळांची वाढ खुंटते. मग रोपास पाणी व पोषक द्रव्ये पुरेशी मिळत नाहीत. पानांतील हरितद्रव्य घटून ती पिवळी पडतात आणि रोप खुरटते. झाडाने शोषलेले बहुतेक शिसे मुळांतच अडते. फळापर्यंत त्याचा फारच थोडा अंश पोहोचतो. म्हणून वांग्यापेक्षा मुळा, गाजर आणि पालेभाज्या यांच्याविषयी अधिक जपावे लागते. खरा धोका असा, की शिसे थोडे असल्यास रोप टवटवीतही दिसते. हिरवे पान हा शुद्धतेचा पुरावा नव्हे. पोटात गेलेले थोडे शिसेही लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीस बाधक ठरते.

भारतात २००० साली देशभर शिसेरहित पेट्रोल आले. २०२१ साली अल्जीरियाने शिसेयुक्त पेट्रोलची विक्री थांबवली आणि जगातील मोटारींच्या पेट्रोलमधून शिसे गेले. पण जुन्या बॅटरींत ते आजही असते. बॅटरी उघड्यावर फोडून शिसे वितळवणे, हे जमिनीत विष पेरण्यासारखेच आहे. भाजी स्वच्छ धुणे, कंदमुळे सोलणे, शेतास शेणखत देणे, हे उपाय सोपे आहेत. शिसे मातीत जाऊ न देणे हा मात्र सर्वांत खात्रीचा उपाय. भूमी पेरलेले विसरत नाही, मग ते बी असो वा विष.

अभ्यास
१. काळ्या मातीचा ‘उपकार’ व ‘भार’ कोणता, ते सांगा.
२. ‘हिरवे पान हा शुद्धतेचा पुरावा नव्हे’, असे का म्हटले आहे?
३. जुन्या बॅटरींचे आपल्या गावात काय होते, याची माहिती वडीलधाऱ्यांकडून मिळवा.